फाल्गुनातली आग आणि धाराशिवचा माळ

होळीच्या आगेमागे बालाघाटच्या पठारावर माळ पेटू लागतात. भूम-वाशीच्या बरडावर, तुळजापूरच्या घाटमाथ्यावर, येडशीच्या रामलिंग डोंगरांच्या बाजूला रात्री उतारावरून आगीची रेघ सरकताना दिसते आणि सकाळी तिथे काळा पट्टा पडलेला असतो. आग कोणी लावली याची चौकशी क्वचित होते, कारण ती का लावली हे सगळ्यांना ठाऊक असते. जुने वाळके गवत जाळले की नवे जोमाने येते, ही समजूत गावोगाव पक्की आहे. वनखात्याची समजूतही तेवढीच पक्की आहे: वणवा म्हणजे नासधूस, तो लावणारा गुन्हेगार. शंभर-दीडशे वर्षे या दोन समजुती एकमेकींसमोर उभ्या आहेत आणि मधल्या मधे माळाचे गवत पातळ होत चालले आहे. मला जे म्हणायचे आहे ते या दोन्हींहून थोडे निराळे आहे. धाराशिवच्या माळाचे नुकसान आगीने जेवढे केले, त्याहून अधिक ते आगीच्या दरसालच्या नेमाने आणि आगीपाठोपाठ सुटणाऱ्या जनावरांनी केले. शिवाय हा नेम आपण समजतो तेवढा जुना असावा, असे मला वाटत नाही.

आधी माळ म्हणजे काय ते नीट पाहायला हवे, कारण सारा वाद तिथेच चुकीच्या पायावर उभा राहतो. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,५६९ चौरस किलोमीटर, आणि त्यात जंगल म्हणावे असे क्षेत्र एक टक्क्याहूनही कमी. हा आकडा दाखवून अनेकदा सांगितले जाते की इथे कधीकाळी घनदाट अरण्य होते, माणसाने ते तोडले, जाळले आणि उरला तो हा उजाड माळ. पुरावा मात्र दुसरीकडे बोट दाखवतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. पाऊस सातशे मिलीमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत उरकणारा आणि दर काही वर्षांनी दगा देणारा. पठाराच्या माथ्यावर बेसाल्टच्या खडकावर वीतभर मुरमाड माती. अशा जमिनीवर दाट वृक्षराजी टिकत नाही. गवत टिकते आणि त्यात विखुरलेली बोर, हिवर, बाभूळ, पळस अशी झाडे. काळवीट, लांडगा, माळढोक, चंडोल हे इथले मूळ रहिवासी. दाट रान हे त्यांचे घर नव्हे, आणि असे प्राणी दोन-तीनशे वर्षांच्या जंगलतोडीतून निर्माण होत नसतात. १९७३ मध्ये दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारताच्या गवताळ प्रदेशांचे सर्वेक्षण ग्रंथरूपाने मांडले, तेव्हा दख्खनचे पठार त्यांनी पवना आणि मारवेल या दोन गवतांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या पट्ट्यात घातले. अलीकडे, २०२५ मध्ये, आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातले आणि लोककथांतले वनस्पतींचे उल्लेख गोळा करून दाखवून दिले की पश्चिम महाराष्ट्राचे माळ किमान सात-साडेसातशे वर्षे माळच आहेत. हा पट्टा आपल्या जिल्ह्याला लागूनच आहे आणि हवामानाने त्याचाच सख्खा भाऊ आहे. म्हणून आगीविषयी बोलताना ‘जंगल जळाले’ या दुःखातून बाहेर यावे लागते. जळते ते गवत, आणि गवताला आग नवी नाही.

या गवतावर इथली जुनी अर्थव्यवस्था उभी होती, हे आपण विसरून गेलो आहोत. जिल्ह्यातल्या तेरचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात तगरचा माल, त्यातही कापड, गाड्यांवर लादून पैठणमार्गे भडोचच्या बंदरापर्यंत जात असल्याचे नोंदवले आहे. ती वाट कित्येक दिवसांची आणि अवघड. प्रत्येक मुक्कामाला बैलांना चारा लागत होता, आणि तो वाटेवरच्या माळांनी पुरवला. पुढच्या काळात मराठी मुलखात ठिकठिकाणी जे वीरगळ उभे राहिले, त्यांतले कितीतरी गाईगुरे राखताना किंवा पळवून नेलेली सोडवताना पडलेल्या वीरांचे आहेत. ज्या समाजात गुरांसाठी मरणाऱ्याचा दगड कोरला जातो, त्या समाजात चाऱ्याची किंमत काय असेल हे वेगळे सांगायला नको. धनगरांचा देव खंडोबा तर या जिल्ह्यात अक्षरशः फिरता आहे: त्याची मूर्ती वर्षातले सुमारे दोन महिने नळदुर्गला आणि उरलेले महिने अणदूरला असते. आणि नळदुर्ग, परंडा हे दोन किल्ले म्हणजे घोडदळाची ठाणी. घोडा दाण्याबरोबर गवतावर जगतो; किल्ल्याच्या कक्षेत राखीव कुरणे ठेवल्याखेरीज पागा चालत नाही.

गवताला आग लागण्याची धास्ती त्या काळी किती होती, याचा मराठीतला सर्वांत बोलका पुरावा १६७४ चा आहे. चिपळूणजवळ हलवर्णला छावणी करून असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, या ताकिदीसाठी ते नेहमी आठवले जाते. पण त्याचा मोठा भाग गवताविषयी आहे. साठवलेला चारा बेपर्वाईने संपवला तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. कोणी चुली पेटवील, कोणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल, रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील, असे बारकावे त्यात येतात. हे पत्र कोकणातले आहे आणि साठवलेल्या गवताचे आहे, उभ्या माळाचे नाही. तरी त्यातून एक गोष्ट निश्चित कळते. ज्या राज्यात गवत हे युद्धसाहित्य होते, तिथे कापण्याजोगे गवत दर वर्षी हौसेने पेटवून देणे परवडणारे नव्हते. कुरण राखायचे, दसऱ्यानंतर कापायचे, पेंढ्या बांधून गंजी रचायच्या, ही कुरणाची रीत. आग लागली तर तो अपघात किंवा शत्रूचा डाव. पाठलागावर असलेल्या सैन्याला चारा मिळू नये म्हणून मुलूख जाळणे दख्खनच्या युद्धांत नेहमीचे होते.

मग माळ कोण जाळत होते? राखीव कुरणांच्या पलीकडे पसरलेला मोठा मोकळा माळ होता आणि त्यावर धनगरांचे वाडे, लमाणांचे तांडे, गावोगावचे गुराखी यांचा वावर होता. त्यांच्याकडे आग लावण्याची कारणे होती आणि ती खरी होती. पिकलेल्या कुसळी गवताची टोके मेंढरांच्या लोकरीत शिरतात, तिथून कातड्यात घुसतात, जखमा होतात. जुन्या गवतात गोचिडांची पैदास होते. वाळलेल्या उंच गवतात साप दिसत नाही. आणि उन्हाळ्यात, जेव्हा कुठेही हिरवे पान उरत नाही, तेव्हा जाळलेल्या जागेवर बोटभर पालवी येते. पण तेव्हाचा माळ अफाट होता आणि कळप चालते होते. आज इथे पेटवलेला तुकडा पुढच्या वर्षी त्याच कळपाच्या वाटेत येईलच असे नव्हते. पाऊस कुठे पडला, पाणी कुठे आहे, कोणत्या गावात तंटा आहे, यावर वाट बदलत होती. लेखी नोंदी नसलेल्या काळाविषयी हा माझा तर्क आहे, पण कळपांच्या हालचालीवरून तो अपरिहार्यपणे निघतो: आग ठिगळाठिगळाने लागत असणार आणि एका ठिगळाला दोन आगींच्या मधे काही वर्षांची उसंत मिळत असणार.

ही उसंत का महत्त्वाची, हे समजायला गवताचा एक ठोंब जवळून पाहावा लागतो. पवन्याचा ठोंब मार्गशीर्षापर्यंत वाळून पिवळा पडतो, पण मरत नाही. त्याचे वाढीचे कोंब वर टोकाला नसून जमिनीलगत, बुडख्याच्या आत, जुन्या पानांच्या आवरणाखाली असतात. गवताची आग झपाट्याने पुढे सरकते. ज्वाळा माणसाच्या छातीपर्यंत गेल्या तरी बोटभर मातीखाली उष्णता फारशी पोचत नाही. वरचे वाळलेले सगळे जाते, आतले कोंब वाचतात. सावली गेल्यामुळे ऊन थेट बुडख्यावर पडते, काळी झालेली जमीन लवकर तापते, राखेतून पालाश, चुना आणि थोडे स्फुरद मिळते, आणि मातीत थोडीशी जरी ओल असली तरी ठोंब मुळांत साठवलेल्या अन्नाच्या बळावर फुटवे टाकतो. म्हणजे गुराखी जे पाहतो ते खरे आहे. जाळलेल्या जागी पालवी आधी येते, ती कोवळी असते, तिच्यात पोषण अधिक असते आणि जनावर तिच्याकडे धावते. चूक पाहण्यात नाही. हिरवे लवकर आले म्हणजे वर्षाअखेर गवत जास्त आले, हा पुढचा निष्कर्ष चुकीचा आहे. फाल्गुनातली पालवी ही नवी कमाई नसते. ती ठोंबाने पुढच्या पावसासाठी राखलेल्या पुंजीतून काढलेली उचल असते. ती पालवी आठवड्याभरात जनावराने खुडली तर ठोंब पुन्हा उचल करतो, पुन्हा खुडला जातो, आणि मृगाचा पाऊस येतो तेव्हा त्याच्याजवळ फारसे काही उरलेले नसते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जगातल्या काही गवताळ प्रदेशांत जाळल्याने गवताचे उत्पादन वाढते, हे मोजून सिद्ध झालेले आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात कोन्झा प्रेअरीवर १९७० च्या दशकापासून निरनिराळ्या अंतराने जाळलेल्या क्षेत्रांची तुलना चालू आहे. तिथे दर वर्षी जाळलेल्या, न चरलेल्या जमिनीवर उंच गवते अधिक जोमाने वाढतात. न जाळलेल्या जमिनीवर झुडपे आणि झाडे शिरतात. मग तोच नियम इथे का नाही? कारण तिथे आगीने फायदा होतो तो जुन्या गवताचा जाड थर नाहीसा झाल्याने. आठशे मिलीमीटरहून अधिक पावसात, चराई नसताना, वर्षावर्षाचे वाळके गवत साचून जमिनीवर गादी होते आणि नव्या फुटव्यांना उजेड मिळत नाही. आग ती गादी उचलते. जिथे जनावरे चरतात तिथे गादी साचतच नाही आणि आगीचा हा लाभही ओसरतो. कॅन्ससच्याच कोरड्या पश्चिम भागात जळालेल्या गवताचे उत्पादन घटल्याचे दिसले आहे, कारण कमी पावसाच्या मुलखात पाचोळ्याचे काम उलटे असते: तो ओल धरून ठेवतो. आपल्या गायरानाकडे पाहा. पौषापर्यंत गुरे-मेंढरांनी ते इतके खाल्लेले असते की उजेड अडवणारा थर कुठेही दिसत नाही. जिथे पाचोळा ही अडचणच नाही तिथे पाचोळा जाळण्याचा लाभ कुठून मिळणार? उरतो तो तोटा: ओल जाते, आणि पाचोळ्यातला नत्र धुरावाटे हवेत जातो.

दरसालच्या आगीचा सर्वांत मोठा परिणाम मात्र गवताच्या प्रमाणात नसून त्याच्या जातीत दिसतो. कुसळीचे बी हातात घेऊन पाहावे. खाली सुईसारखे टोक, त्यावर मागे वळलेले राठ केस, आणि वर पीळ घातलेली लांब तपकिरी शेपटी. दव किंवा पावसाचा थेंब पडला की पीळ सुटू लागतो, शेपटी फिरते, आणि टोक मातीत शिरते. वाळले की पुन्हा पीळ बसतो, पण मागे वळलेले केस बी बाहेर येऊ देत नाहीत. अशा चार-दोन फेऱ्यांत बी स्वतःला पेरून घेते. थंडी सरेपर्यंत हे काम झालेले असते, म्हणजे फाल्गुनातली आग वरून निघून जाते तेव्हा कुसळीचे बी मातीत सुरक्षित बसलेले असते. आग शेजारची सावली आणि स्पर्धक दूर करते आणि पहिल्या पावसात मोकळी जागा कुसळीला मिळते. हे केवळ आपल्याकडचे निरीक्षण नाही. हीच कुसळी ऑस्ट्रेलियात आहे, आणि एन. एच. शॉ यांनी १९५७ मध्ये आग्नेय क्वीन्सलँडच्या कुरणांविषयी लिहिताना तिथल्या कुसळीच्या वरचष्म्याचे नाते नेमाने होणाऱ्या जाळपोळीशी जोडले होते. हवाई बेटांवरचे मूळ रहिवासी तर घरे शाकारण्यासाठी हेच गवत हवे म्हणून त्याच्या जागा मुद्दाम जाळत. आपल्याकडच्या अभ्यासकांनी चराई वाढत गेली की काय होते त्याचा क्रमही नोंदवला आहे: आधी पवना आणि मारवेल मागे पडतात, कुसळी पुढे येते, आणि तिचाही जोर संपला की निकस, तारेसारखी, जनावर तोंड न लावणारी गवते उरतात. चराई पवन्याला दाबते, आग कुसळीला हात देते. दोन्ही दर वर्षी एकाच जागी घडल्या तर निकाल ठरलेला आहे. मेंढरांना कुसळ लागते म्हणून माळ जाळायचा, आणि जाळल्यामुळे पुढच्या वर्षी कुसळच अधिक उगवायची, या फेऱ्यात आपण अडकलो आहोत.

आगीचा महिना कोणता, यानेही फार फरक पडतो. मार्गशीर्ष-पौषात, मातीत ओल असताना जाळले तर ठोंब लगेच फुटतो आणि पुढचे पाच-सहा महिने चराईच्या तोंडी राहतो. वैशाखात जाळले तर ठोंब फुटत नाही, पण मृगाच्या पहिल्या पावसाला उतार उघडा सापडतो. मुरमाड उतारावरून वीतभर मातीतली बोटभर माती एका पावसात ओढ्याला जाते, आणि ती परत येत नाही. चैत्र-वैशाखात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले जळतात ती वेगळी.

सरकारी बाजूचा इतिहासही सरळ नाही. इंग्रजांनी १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी जंगलांचा ताबा घेतला तेव्हा आगीपासून संरक्षण हे नव्या खात्याच्या शास्त्रीयतेचे पहिले लक्षण मानले गेले. मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात १८६० च्या दशकात हा प्रयोग सुरू झाला आणि पुढे सगळीकडे जाळरेषा काढल्या गेल्या. पण १८९६ मध्येच एच. स्लेड या वनाधिकाऱ्याने ब्रह्मदेशातल्या सागवानाबद्दल लिहिताना आगीपासूनचे संरक्षण अति होत असल्याचा इशारा दिला. आग बंद झालेल्या जागी सागाची नवी रोपे उगवेनाशी झाली होती आणि दुसऱ्याच झाडोऱ्याची दाटी वाढली होती. पुढच्या दोन-तीन दशकांत खात्याने कित्येक ठिकाणी नियंत्रित जाळणी स्वतःच सुरू केली. हे शहाणपण गवताळ मुलखापर्यंत कधी आले नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव वनात आग लावणे गुन्हाच राहिले, आणि माळाला स्वतःचे नियम असू शकतात हा विचार कायद्यात शिरला नाही. धाराशिव तर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १८५३ ते १८६० ही सात वर्षे तेवढा नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे होता आणि त्यातला काही काळ मेडोज टेलर हे इंग्रज अधिकारी तिथला कारभार पाहत होते. दोन्ही राजवटींचे लक्ष मात्र एकाच गोष्टीवर होते: पडीक जमीन लागवडीखाली यावी आणि सारा वाढावा. पडीक या एका शब्दात माळाची सगळी उपयुक्तता पुसली गेली.

विसाव्या शतकाने माळाची उसंत हिरावली. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि १९११ पर्यंत येडशीवरून लातूरला पोचली. लमाणांच्या बैलांवरून होणारी मालवाहतूक संपत गेली आणि तांडे एका जागी बसले. राज्य गेले, पागा गेल्या, कुरण राखणारे कोणी उरले नाही. शेती माळावर चढली. १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनंतर मराठवाड्यात गायरानाचे तुकडे दलित आणि भूमिहीन कुटुंबांनी कसायला घेतले. हे मी माळाच्या नुकसानीच्या खात्यात टाकायला तयार नाही, कारण गावाने शतकानुशतके ज्यांना जमिनीचा तुकडा दिला नाही त्यांचा त्यावर हक्कच होता. पण परिणाम नोंदवावा लागतो: कळप तेवढेच, माळ आक्रसलेला, आणि कळपांना फिरायला वाट नाही. पूर्वी जी आग काही वर्षांच्या अंतराने एका जागी येत असेल, ती आता त्याच गायरानावर दर फाल्गुनात येऊ लागली. रीत जुनी राहिली, तिचे अंतर गेले. १९७२ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१२ ते २०१६ च्या वर्षांत, जेव्हा चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा या माळांकडे देण्यासारखे फार थोडे होते. त्यातच रब्बी ज्वारी मागे पडून सोयाबीन पसरले. ज्वारीचा कडबा हा इथल्या जनावरांचा मुख्य आधार होता. सोयाबीनच्या भुसकटाला त्याची सर नाही. गवताची गरज वाढलेली असताना आपण ते जाळतो आहोत.

तर मग आग पूर्ण बंद करावी का? मला तसे वाटत नाही, आणि इथे वनप्रेमी मंडळींशी माझा मतभेद आहे. आग आणि चराई दोन्ही कायमच्या थांबवल्या तर माळ माळ राहत नाही. घाणेरी आणि वेडी बाभूळ आत शिरतात, बोर-हिवराची दाटी होते, काळवीट निघून जाते. माळावर खड्डे खणून गिरिपुष्पाची रोपे लावणे हा तर माळ मारण्याचा सर्वांत झटपट मार्ग आहे. झाडोरा आवरायला मात्र आग हा एकच उपाय नाही. उस्मानाबादी शेळी या जिल्ह्याचे आधीचे नाव, उस्मानाबाद, देशभर घेऊन गेली, आणि झुडपांचा पाला ओरबाडून खाणे हेच तिचे खाणे. बंदिस्त तुकड्यात ठराविक दिवस सोडलेल्या शेळ्या कोवळा झाडोरा चांगला रोखतात. कुसळाचा उपायही काडेपेटीत नसून विळ्यात आहे. कुसळी फुलोऱ्यात असताना, आश्विनात, कापली तर बी पिकत नाही, सुई तयार होत नाही, आणि त्याच वेळी तिच्यात पोषणही असते. दोन महिन्यांनी तीच कुसळी निव्वळ काडी होते. गरीब मेंढपाळाला उन्हाळ्यातल्या पालवीची गरज असते, हा शेवटचा आक्षेप सर्वांत खरा आहे. त्याला दंड लावून काही साधणार नाही. आश्विनात कापलेल्या गवताच्या गंजीत त्याचा वाटा असेल तर फाल्गुनात पेटवायची वेळ त्याच्यावर कमी येईल.

जमिनीला विश्रांती दिली की काय होते, ते पाहायला दूर जावे लागत नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झाले आणि तिथे गवताचे तुकडे राखले गेले. राखलेला तुकडा आणि शेजारचे उघडे गायरान, दोन्हींची माती एक, पाऊस एक. कुंपणाच्या दोन बाजूंना श्रावणात उभे राहून पाहिले तर आग आणि चराई यांच्याविषयी कोणत्याही ग्रंथाहून अधिक कळते.

राखीव वनात कायदा आग लावू देत नाही आणि तिथे तो पाळलाच पाहिजे. पण गायरान गावाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनी राखायला बजावले आहे. तेव्हा धाराशिवच्या ग्रामसभांनी एवढे करावे: गायरानाचे चार तुकडे पाडावेत, एक तुकडा दर वर्षी पूर्ण बंद ठेवावा, आश्विनात गवत कापून त्याची वाटणी मेंढपाळांसह सगळ्यांत करावी, आणि झाडोरा फारच वाढलेला तुकडा जाळायचाच झाला तर वनखात्याला आणि तहसिलाला कळवून, जाळरेषा काढून, चार वर्षांतून एकदा जाळावा. जाळलेल्या तुकड्यावर पोळ्यापर्यंत एकही जनावर सोडू नये.